बारावा चौकोन

बोरखडीच्या चर्चमध्ये आलात की चपला बाहेर काढा आणि आधी वेदीकडे बघा. मखमल नाही, जरी नाही. उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्याकडे वेदीपुढे नवी गोधडी अंथरतात. मंडळी शेतातलं पहिलं पीक, ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, एखादी म्हातारी चार अंडी, असं जे असेल ते तिच्यावर आणून ठेवते. मग गोधडी झटकून, तिला दोन दिवस ऊन दाखवून ती बांधतात आणि लांबच्या कुठल्या तरी मिशनला पाठवतात. कधी आफ्रिकेतल्या दवाखान्यात गेली, कधी समुद्रातल्या बेटावरच्या शाळेत, कधी नेपाळच्या डोंगरात. तिला बारा चौकोन असतात. अकरा चौकोनांवर शिवणाऱ्या बायकांची नावं असतात आणि बाराव्यावर नुसती फुली. शहरातले पाहुणे फोटो काढतात आणि हमखास विचारतात, की बाराव्या बाईचं नाव घालायचं राहून गेलं का.

राहून गेलं होतं खरं. पण ती गोष्ट आजची नाही. बसा, सांगतो. घाईत असाल तर विचारू नका, कारण ही अर्धी ऐकून उठायची गोष्ट नाही.

फार वर्षांपूर्वी या भागात प्लेग आला. उंदीर पडायला लागले तशी माणसं गाव सोडून माळावर आली आणि पाचटाच्या खोपी घालून राहिली. सरकारी माणसं आली, त्यांनी घरोघरचं अंथरूण-पांघरूण काढून पारापुढे ढीग लावला आणि पेटवून दिला. त्या ढिगातल्या निम्म्या गोधड्या एकाच बाईच्या हातच्या होत्या. तिचं नाव गऊबाई. गावात कुणाची बाळंतीण असो, कुणाच्या लेकीचं लग्न असो, गोधडी घालायची ती गऊबाईनेच. हात असा, की धावदोरा बघावा तर ओळीने मुंग्या चालल्यासारखा. तिचा नवरा भिवा मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा. दोघांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि पदरी तीन महिन्यांची लेक होती, सुवार्ता.

पौषाची थंडी, उघडा माळ आणि अंगावर घालायला काही नाही. त्या थंडीत प्लेगपेक्षा गारठ्यानेच जास्त लेकरं गेली, असं सांगतात. सुवार्ता निळी पडायला लागली. गऊबाई तिला पोटाशी धरून बसून राहायची आणि भिवा दोघींना पाठीमागून धरून बसायचा. अशात स्टेशनावरून बैलगाडीने एक मोठी पेटी आली. तेव्हा इथे मिशनच्या एलन मडम होत्या. प्लेगच्या माणसांना स्वतःच्या हाताने पाणी पाजायच्या. त्यांनी पेटी उघडली तर आत बाळांची अंगडी, लोकरीचे मोजे आणि तळाशी एक जाड पांघरूण, चौकोनाला चौकोन जोडून शिवलेलं. मडमनी ते काढलं आणि गऊबाईच्या अंगावर टाकलं.

सुवार्ता जगली. एलन मडम मात्र त्याच महिन्यात प्लेगने गेल्या. त्यांची कबर तुम्ही येताना पाहिलीत, चिंचेखालची. त्या गेल्या आणि पेटी कुणी पाठवली हे सांगणारं माणूसही गेलं. गाव परत वसलं, लोकांनी देवाचे उपकार मानले, पेटी पाठवणाऱ्याचं नाव विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता गऊबाई होती कारागीर. कारागिराचा डोळा कुठे जातो? त्या पांघरुणाच्या चौकोनांवर लाल दोऱ्याने काही वळणं काढली होती. कुठे गाठ, कुठे आकडा, कुठे शेपूट. तिला वाटलं, ही त्यांच्या देशाकडची वेलबुट्टी. फार आवडली तिला ती. लेक जगवणाऱ्या पांघरुणाची आठवण म्हणून ती गावात जी जी गोधडी घालायची, तिच्या कोपऱ्यात यातली एक वेल उतरवायची. या घरी एक, त्या घरी दुसरी. बाळंतिणी हौसेने सांगायला लागल्या, आम्हाला मडमची वेल घाला. बारा चौकोनांत एक चौकोन कोरा होता. त्यावर वेल नव्हती, म्हणून तो तिने कधी उतरवला नाही. उतरवायचं काय त्यात?

मग पांघरूण विरलं. गोधडीवालीकडे विरलेलं कापड टाकत नसतात. जुनं, मऊ झालेलं कापड नव्या गोधडीच्या पोटात घालतात, म्हणजे ती अंगाला लागते. गऊबाईने पांघरूण उसवून एकेक चौकोन एकेका गोधडीच्या पोटात घातला. कोरा चौकोन राहिला, तो घरच्याच गोधडीत गेला, भिवाच्या. पुढे भिवा तापाने गेला. तेव्हा शवपेटी कुणाला परवडत होती? त्याला त्याच्याच गोधडीत गुंडाळून मातीत ठेवला.

सुवार्ता सतरा वर्षांची झाली, त्या साली एलन मडमच्या जागी आलेल्या धाकट्या मडमच्या हाती एक पत्र आलं. ते तीन-चार मिशन फिरून इथे पोचलं होतं. रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी ते मराठीत वाचून दाखवलं. लिहिणारी रूथ नावाची म्हातारी होती, समुद्रापलीकडे बर्फाच्या मुलखात राहणारी. तिचं म्हणणं असं होतं, की आम्ही बारा बायकांनी एका हिवाळ्यात एक पांघरूण शिवून हिंदुस्थानात पाठवलं होतं. त्याचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. पेटी समुद्रात बुडाली असणार, असं म्हणत आमच्यातल्या काही जणी देवाघरी गेल्या. आता मी एकटी उरले आहे. ते पांघरूण कुणी पांघरलं का, एवढंच मला मरायच्या आधी कळावं.

चर्चमध्ये सगळे गऊबाईकडे बघायला लागले. ती उठली आणि म्हणाली, मी पांघरलं, माझी लेक त्याच्यात जगली. मडमना इतका आनंद झाला, की त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, आणा ते पांघरूण, त्यावर त्या बायकांची नावं असतील, आमच्याकडे नावं शिवून पाठवायची रीत आहे. गऊबाई म्हणाली, नावं नव्हती, वेल होती. तेव्हा मडमनी शाळेची पाटी घेतली, तिच्यावर खडूने रूथ हे नाव त्यांच्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी तिच्यासमोर धरली.

पाटीवरची ती वेल गऊबाईने स्वतःच्या लेकीच्या गोधडीवर काढली होती.

नावं! ज्यांना ती वेलबुट्टी समजून बसली होती, ती माणसांची नावं होती. त्या नावांखाली ती निजली, त्यांनी तिचं लेकरू वाचवलं आणि तिने त्यांना एकदाही सलाम घातला नाही. वर ती नावं फाडून गावभर वाटली. आणि त्या बिचाऱ्या पेटी बुडाली म्हणत मेल्या. गऊबाईला भयंकर लाज वाटली. रडली नाही. लोक सांगतात, तिने सगळ्या मंडळीपुढे वेदीकडे तोंड करून नवस बोलल्यासारखं सांगितलं, "बाराच्या बारा जणींना नाव घेऊन सलाम घातल्याबिगर मी अंगावर गोधडी घेणार न्हाई." धाकट्या मडमनी समजावलं, की आपल्यात नवस बोलत नाहीत. ती म्हणाली, नवस नाही, शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या गोधड्या चर्चच्या अंगणात उन्हात पडल्या. मडम पाटी घेऊन एकेका कोपऱ्यावर वाकायच्या. मार्था सापडली. हॅना सापडली. अबिगेल उलटी शिवली होती, तिच्यासाठी गोधडीच फिरवावी लागली. एक नाव इतकं वाकडं उतरलं होतं, की मडम अर्धा तास डोकं धरून बसल्या आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. नाव सापडलं, की गऊबाई हात जोडायची आणि म्हणायची, सलाम, मार्थाबाई, आणि मग पुढची. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या.

बारावी नव्हती. गऊबाईला आठवलं, तो कोरा चौकोन. त्यावर कदाचित बारीक काही होतं, पुसट, तिने नीट बघितलंच नव्हतं. आणि तो आता भिवाजवळ होता.

मडमनी रूथबाईला पत्र लिहिलं, पांघरूण पोचलं, एक लेक वाचली, आणि बारावी कोण ते कळवा. पण त्या काळातलं पत्र, आगबोटीने जायचं. म्हातारी तोवर राहते की नाही, हेही ठाऊक नव्हतं. हिवाळा आला. गऊबाई नुसत्या लुगड्यावर निजायची, शेकोटीशी. ज्या बाईने गावाला ऊब दिली, ती कुडकुडत होती. सुवार्ता रागवायची, रडायची, आई झोपली, की हळूच गोधडी टाकायची. सकाळी ती गोधडी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली असायची. माघात गऊबाईच्या छातीत कफ धरला. ही बाई आता पुढची थंडी काढत नाही, असं लोक बोलायला लागले.

मग कुणीतरी म्हणालंच, की कबर उकरून बघा, मडमही आहेत, पाळकही आहेत, त्यात पाप नाही. गऊबाई दुपारची कुदळ घेऊन कबरस्तानात गेली. सुवार्ता मागून धावली. बघते तर आई भिवाच्या कबरीपाशी बसलेली, कुदळ बाजूला, आणि मातीवरचे काटे वेचतेय. लेकीला बघून म्हणाली, "त्याच्या अंगावरचं पांघरून ओढू व्हय मी?" एवढंच. दोघी परत आल्या.

दुसरा हिवाळा लागला आणि ती अंथरुणाला खिळली. पांघरूण नाहीच. पौषातच पत्र आलं. मडम ते घेऊन पळत आल्या म्हणे. त्या मडमला पळताना गावाने तेव्हाच पाहिलं. गऊबाईच्या उशाशी बसून त्यांनी वाचलं.

रूथबाईने लिहिलं होतं, तुमचं पत्र मी रोज वाचते, रविवारी चर्चमध्येही वाचून दाखवलं, बाकीच्या अकरा जणींच्या थडग्यांपाशीही वाचलं. आणि बारावी म्हणून तुम्ही जी विचारता, ती आमच्या गावात धुणी धुवायची. आम्ही अकरा जणींनी नावं भरली आणि उठून गेलो. कापूस तिने भरला, अस्तर तिने लावलं, सगळे चौकोन जोडले तेही तिनेच. तिला सांगितलं, तुझंही नाव घाल, तर ती लाजली. तिला लिहिता येत नव्हतं. आम्ही कुणी शिकवायला बसलो नाही. शेवटी तिने पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने एक फुली घातली, दिसू नये अशी. आम्ही तिला नॅन म्हणत असू. तिचं पूर्ण नाव मी कधी विचारलं नाही, आणि आज सांगता येत नाही, याची मला लाज वाटते.

जिला गऊबाईने कोरी समजून बाजूला टाकली, सगळ्यांत कमी लेखली, ती तर तिच्यासारखीच निघाली. जोडणारी. अक्षर न येणारी. गोधडी घालून दुसऱ्याच्या घरी देणारी. आणि मग, जी दोन वर्षं रडली नव्हती, ती गऊबाई ओक्साबोक्शी रडली. रडता रडता हात जोडून म्हणाली, "सलाम, नॅनबाई. मी वळखलं न्हाई तुला. माझ्या धन्याला तूच ऊब देतीयास गं."

मग तिने लेकीकडे बघितलं. सुवार्ताने गोधडी आणली आणि आईच्या अंगावर घातली. या वेळी तिने काढली नाही.

त्यातून ती उठली. पुढे कितीतरी वर्षं जगली, असं सांगतात. उठल्यावर पहिली गोधडी घातली ती समुद्रापलीकडे पाठवायला. गावातल्या अकरा बायकांकडून त्यांची नावं मराठीत शिवून घेतली, सगळे चौकोन स्वतः जोडले आणि बाराव्यावर फुली घातली. तिला लोक म्हणाले, तुझं नाव तरी घाल, मडम लिहून देतील. ती म्हणाली, ही जागा भरलेली आहे.

तेव्हापासून ती रीत पडली. दर साली एक गोधडी जाते. तिकडच्या बाया आपल्या अक्षरांना वेलबुट्टी समजत असतील, त्याला आपण काय करणार? फुली घालणारीने चौकोन जोडायचे, कापूस-चिंध्या भरायच्या, अस्तर लावायचं, सगळं एकटीने, आणि नाव घालायचं नाही. आता गावातल्या सगळ्या बाया शिकलेल्या आहेत, दोघी तर मास्तरणी आहेत. पण आजही पेरणी झाली, की चर्चच्या ओट्यावर बायकांची भांडणं लागतात, आणि ती नाव घालण्यावरून लागत नाहीत. नावाचे अकरा चौकोन घ्या घ्या म्हणत फिरावं लागतं. भांडण होतं ते बाराव्यासाठी.

उपकारस्तुतीच्या रविवारी पाळक एलन मडमचं नाव घेतात, मग त्या अकरा जणींची नावं कागदावरून वाचतात, मग थांबतात. बारावं नाव पाळक घेत नाहीत. सगळी मंडळी उभी राहते आणि एका आवाजात म्हणते, सलाम, नॅनबाई. तुम्ही दारात असलात तरी उभं राहायचं असतं. घंटा झाली बघा, चला आत.