पाचवी जागा

फार फार मागे दोन रानांच्या मध्ये एकच तळं होतं. उन्हाळा लागला की दोन्हीकडचे पाच-पाच गडी समोरासमोर येत आणि सुका हिरडा झेलत, फेकत उंच ढोलीत टाकत. जिंकेल त्या रानाला पावसाळ्यापर्यंत पाणी.

यंदा या रानाचे चौघे ठरले होते. पाचव्या जागेवरून वडाखाली नुसतं रण माजलं होतं.

"वानरच हवा! त्याच्यासारखी उडी आहे कुणाची?" रानडुक्कर गुरगुरलं.

"उडी काय चाटायचीय? नेम खारीचाच," साळिंदर काटे फुलवून म्हणालं.

"आणि ती चुकली तर?"

"मग मुंगसाचं केलं तेच तिचंही करू!"

मागच्या उन्हाळ्यात मुंगसाच्या हातून शेवटचा हिरडा निसटला होता. घरी येऊन बघतो तर बिळात बाभळीचे काटे ठासलेले. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

वर फांदीवर ठरलेले चौघे हे ऐकत बसले होते. शेजारी खार वानराला बिलगली होती.

"वानरदादा, तुला समोरच्या रानाची भीती वाटते?"

"त्यांची नाही गं," वानर खाली बघत पुटपुटला.

सामन्याच्या सकाळी एकदाचं खारीचं नाव ठरलं. जयजयकार करत सगळ्यांनी वर पाहिलं.

फांदी रिकामी होती. खार नाही, वानर नाही, ठरलेल्या चौघांचाही पत्ता नव्हता.

आणि समोरच्या उतारावरून पलीकडच्या रानाचे पाच जण, हिरडा झेलत, तळ्याकडे येत होते.