रंगनाथशेठांची पाळी

"मशीन बसवतो," रंगनाथशेठ म्हणाले, "पण एका अटीवर. ड्रायव्हर झोपला पाहिजे आणि गाडी पळत राहिली पाहिजे. जमतंय का बघा."

ऑफिसात बसलेले ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले. शेठांच्या चार गाड्या बार्शीहून नागपूरला डाळ पोहोचवायच्या. तिथल्या कंपनीने आता कळवलं होतं की, ड्रायव्हर किती वेळ गाडी चालवतो हे मोजणारं मशीन ज्या गाडीत असेल, तिलाच पुढच्या महिन्यापासून माल मिळेल. मशीन म्हणजे स्टेअरिंगजवळ लावायची एक डबी. ड्रायव्हरने बसताना आपलं कार्ड टेकवायचं. ठरलेले तास भरले की डबी ओरडायला लागते, आणि तरीही गाडी हाकली तर कंपनीला आपोआप कळतं.

शेठांना हे पटत नव्हतं. त्यांनी स्वतः उमेदीची वर्षं गाडी चालवण्यात घातली होती. "तास मोजून गाडी चालवायची म्हणजे घास मोजून जेवायचं," ते म्हणाले. "आम्ही बार्शी-नागपूर एका बैठकीत मारायचो."

ऑफिसचं काम बघणाऱ्या मैनाने हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की, तिचा हात टायपिंगवरून उठलाही नाही. तिला काळजी होती ती इस्माईलचाचांची. मागच्याच महिन्यात औशाजवळ त्यांचा डोळा लागला आणि गाडी सोयाबीनच्या रानात शिरली. जिवावरचं टळलं, पण तेव्हापासून ते दर थांब्यावर डोळ्यांवर पाणी मारत होते.

"जमेल, शेठ," मैना म्हणाली.

शेठांनी चष्मा वर केला. "काय जमेल?"

"ड्रायव्हर झोपेल आणि गाडी पळेल."

"मशीनशी काही छेडछाड करायची नाही. कंपनी मला धरेल."

"नाही करणार."

"आणि पगारावर नवीन माणूस घ्यायचा नाही."

"नवीन कशाला? जुनाच घेऊ."

शेठांना वाटलं, ही दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर आणणार. पण बाकीच्या तिन्ही गाड्या त्या दिवसांत भाड्याने बाहेर जाणार होत्या, तेव्हा ते निश्चिंत झाले. "चल मग. मी स्वतः गाडीत बसून बघतो. जमलं तर चारही गाड्यांना मशीन, आणि तू मागशील ते तुला. नाही जमलं तर पुन्हा माझ्यापुढे त्या डबीचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी डबी बसवणारा माणूस आला. मैनाने त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं आणि कार्डं करायला इस्माईलचाचांचे कागद मागितले. शेठांचंही लायसन्स मागितलं.

"माझं कशाला?"

"तुम्ही गाडीत बसणार ना? आणि जड गाडीचं लायसन्स अजून चालू आहे असं तुम्हीच सांगता. ही पोरं म्हणतात, कधीच संपलं असेल."

"कोण म्हणतं?" शेठांनी पाकीट काढून लायसन्स टेबलावर आपटलं. "दर वेळी मुदतीआधी वाढवून घेतो!"

पहाटे गाडी निघाली. इस्माईलचाचा चालवत होते, मैना मधे आणि खिडकीशी शेठ. लातूर मागे पडलं, नांदेडही गेलं. ऊन चढलं तशी चाचांची मान जड व्हायला लागली. तेवढ्यात डबी ओरडली. चाचांनी गाडी एका धाब्यासमोर कडेला घेतली.

शेठांनी मिशीवरून हात फिरवला. "ड्रायव्हर झोपणार म्हणजे गाडी उभी राहणार. हरलीस, मैने."

"चाचा, तुम्ही सीटमागच्या फळीवर आडवे व्हा," मैना म्हणाली. मग तिने पर्समधून एक कार्ड काढून शेठांपुढे धरलं. त्यावर शेठांचा फोटो होता. "शेठ, या बाजूला. गाडी पळवायचीय."

"मी?"

"पगारावरचे नाही, नवीनही नाही. शिवाय एका बैठकीत मारणारे."

चाचा खाली बघून मिशीत हसत होते. आता माघार घेतली, तर बार्शीत पाय ठेवण्याआधी गोष्ट पोहोचली असती. शेठ उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडून चढले, कार्ड टेकवलं आणि गियर टाकला. चाचा मागे घोरायला लागले. ड्रायव्हर झोपला होता, गाडी पळत होती.

सुरुवातीला शेठ रंगात होते. कुठल्या वळणावर कुणाला मागे टाकलं होतं ते सांगत होते. मग गोष्टी कमी झाल्या. मग ते उशी आहे का विचारू लागले. यवतमाळच्या अलीकडे कंबर धरून ते डबीकडे बघायला लागले.

"ही बिघडली का गं? ओरडत कशी नाही?"

"आत्ताशी तर तुम्ही बसलात, शेठ."

थोडा वेळ गेला. शेठांनी आवाज खाली आणला. "मैने, जरा लवकर ओरडायला लाव की तिला. तू शिकलीयस ना सगळं."

"लावते की," मैना म्हणाली. "पण वेळ सगळ्यांना एकच लागते. तुम्हाला दोन तासांवर आणली, तर उद्यापासून चाचाही दोन तासांनी झोपणार."

शेठांनी तिच्याकडे पाहिलं. गाडी हळूच कडेला घेतली, ब्रेक दाबला आणि पोट धरून असे हसायला लागले की मागचे चाचा धडपडून उठले.

"काय झालं शेठ? पोहोचलो?"

"मी पोहोचलो," शेठ डोळे पुसत म्हणाले. "चारही गाड्यांना डबी लावा. आणि नागपूरच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर ठेवायचा, पगारावर. मी पुन्हा येणार नाही. बोल मैने, तुला काय पाहिजे?"

मैनाने जास्त विचार केला नाही.

पुढच्या सोमवारी ड्रायव्हर ऑफिसात आले, तेव्हा शेठांच्या गुबगुबीत फिरत्या खुर्चीवर मैना बसून चारही गाड्यांचे तास बघत होती. शेठ समोर प्लास्टिकच्या स्टुलावर होते, खाली उशी घेऊन.