एकही दगड बाकी ठेवू नका

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, फार पूर्वी, नव्या नव्या शब्दांवर भाळणारा एक राजा होता. त्याच्याकडे एकदा एक इंग्रज पाहुणा आला. बोलता बोलता पाहुणा म्हणाला, "एखाद्या कामासाठी होतील तेवढे सगळे प्रयत्न करायचे असले, की आम्ही म्हणतो, एकही दगड उलटायचा बाकी ठेवणार नाही."

राजा खूश झाला. त्याच्या राज्यात लोक 'जिवाचं रान करू' म्हणत. ते आता त्याला गावंढळ वाटू लागलं. पाहुणा गेल्यावर त्याने हुकूमच काढला, की यापुढे कुठल्याही सरकारी कामात एकही दगड उलटायचा बाकी ठेवू नये. या हुकुमाचा अर्थ विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग ऐन थंडीत एका धनगरणीची लहानगी हौसा हरवली. आई धावत दरबारात आली.

"महाराज, कोकरामागं गेलेली पोर आलीच न्हाई. गारठा लई हाय. माणसं द्या."

"रडू नकोस बाई. एकही दगड उलटायचा बाकी ठेवणार नाही," राजा म्हणाला.

शिपाई पहारी घेऊन डोंगरावर चढले आणि खरोखरच दगड उलटू लागले. कामचुकारपणा कुणी केला नाही हो! घामाने निथळत होते बिचारे.

"अवं, दगडाखाली पोर कशी असंल?" आई हात जोडून म्हणाली. "त्या घळीत चला. काटं लई हायती, मला एकलीला वाट निघंना."

हवालदार वैतागला. "घळीत नुसती माती आहे. हुकूम दगडांचा आहे."

दिवसभर ती विनवत राहिली. शेवटी एकटीच काट्यांत घुसली. उजाडताना हौसा सापडली, कोकराला पोटाशी धरून गारठून मेलेली. कोकरू तेवढं जिवंत होतं.

दरबारात शिपायांचा सत्कार झाला. त्यांच्या हातांवरचे फोड पाहून राजाचे डोळे भरून आले. पोरीच्या आईलाही बोलावलं होतं.

"बाई, आम्ही काही बाकी ठेवलं नाही," राजा म्हणाला.

"व्हय महाराज," ती म्हणाली. "दगड समदे बघितले. माझी पोर तेवढी कुणी शोधली न्हाई."

तात्पर्य, ज्यांना अजून हवं असेल त्यांच्यासाठी: कष्ट कशासाठी करायचे हेच विसरलेल्या माणसाचा घाम कुणाच्याही उपयोगी पडत नाही.