खर्शीकरांचं बोट

कऱ्हाडच्या त्या शोरूमचे मॅनेजर खर्शीकर बोटानं तेल ओळखायचे. इंजिनातला थेंब चिमटीत घ्यायचा, तपकिरीसारखा चोळायचा, की निकाल लागला! त्यावर अपील नाही.

आमच्या इंदुआत्याच्या नव्या गाडीचं इंजिन जाम झालं. गाडीबरोबरच्या पुस्तकात सांगितलेलं तेलच आत्यानं घातलं होतं, फक्त बाहेरच्या दुकानातून आणून. खर्शीकरांनी थेंब चोळला आणि म्हणाले, "भेसळीचं तेल आहे, बाई. वॉरंटी गेली."

मी तर मनातल्या मनात दुरुस्तीच्या खर्चाचा हिशोब मांडायला लागलो. आत्या मात्र हसली. "साहेब, तुमच्या बोटाची कीर्ती ऐकून होते. तुमची गाडीही इथंच बॉनेट उघडून उभी आहे. कुठल्या गाडीचं तेल कुठलं, न सांगता ओळखाल?"

"डोळे मिटून!"

आत्या मेकॅनिकच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्यानं कागदावर दोन थेंब आणले. सगळं वर्कशॉप भोवती जमलं.

खर्शीकरांनी डोळे मिटून पहिला थेंब चोळला. "हे आमचं, अस्सल!" दुसरा चोळताच त्यांचं तोंड वाकडं झालं. "आणि ही भेसळ. यानं इंजिन जाणारच."

"साहेब, दोन्ही थेंब तुमच्याच गाडीतले आहेत," आत्या शांतपणे म्हणाली. "मग तुमची वॉरंटी अर्धीच गेली म्हणायची का?"

खर्शीकरांचं बोट हवेतच राहिलं. "गाडी वॉरंटीत घ्या," एवढंच ते मेकॅनिकला कसंबसं म्हणाले.

मी मात्र तिथंच, तेलकट फरशीवर, आत्याच्या पाया पडलो.