म्हाळसाक्काची काशाची वाटी

फार फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या वडजाई गावात, बाजाराच्या तोंडाशी म्हाळसाक्का नावाची वैदीण बसायची. पुढ्यात ब्राह्मी, वेखंड, जटामांसी. मीही जडीबुटी विकूनच म्हातारा झालो. गिऱ्हाईक मागेल ते पुडीत बांधायचं, ही आमची रीत. अक्का मात्र पुडी बांधायच्या आधी विचारायची, "झोप लागते का गं?" असं म्हणतात, की तेवढ्यानंच निम्म्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच गावात सोनाऊ कासारीण होती. एकदा तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्या आंब्यावर वीज कोसळली. तेव्हापासून तिची झोप गेली नि हात थरथरू लागले. भरताना बांगडी पिचायची. सवाष्णीच्या हातात बांगडी पिचणं म्हणजे काय, ते सांगायला नको. बायका तिला टाळू लागल्या. त्यात पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. पाटलीणबाईंनी बजावलं, "पंधरा दिवस आहेत. हाताची थरथर थांबली तर चुडा तूच भर. नाहीतर परगावची कासारीण बोलावू, ती कायमचीच."

सोनाऊ अक्काकडे आली. अक्कानं ब्राह्मीचा रस दिला, डोक्याला जटामांसीचं तेल दिलं. पाच दिवस झाले तरी हात तसेच.

"अक्का, मूठमूठभर दे की!"

"अगं, मुठीनं भागलं असतं तर ओढ्यावरच्या शेळ्या ऋषी झाल्या असत्या. रोज ब्राह्मीच चरतात."

मग तिनं काशाची वाटी काढली. "तळव्यांना तूप लावून रोज दिवेलागणीला हिनं घासायचं. पण तू नाही. रोज गावातली एक बाई घासेल."

"माझ्या पायाला कोण हात लावतंय?"

"ज्यांची पोरं मी निजवलीत, त्या लावतील."

आणि खरंच, अक्काच्या शब्दाखातर त्या आल्या. पहिल्या दिवशी चंद्राऊ तेलीण, नाक मुरडत. "बाई गं, पाय आहेत की चुलीतली लाकडं!" वीज पडल्यापासून सोनाऊ तेव्हा पहिल्यांदा हसली. रोज एकीची पाळी, रोज तळवे काळे व्हायचे. बायका म्हणायच्या, वीज बाहेर पडतेय. दहाव्या दिवशी पाटलीणबाईंनी स्वतः तिचे पाय मांडीवर घेतले. घासता घासता सोनाऊ तिथंच झोपली, ती उन्हं वर आल्यावर उठली. दगडावर ठेवलेली वाटी मात्र तोवर आपली आपणच थरथरत होती, असं म्हणतात.

चुडा भरला. एकही बांगडी पिचली नाही.

"अक्का, तुला काय देऊ?"

"हात पुढे कर." अक्कानं तो नीट न्याहाळला. "मिळालं."

ती वाटी आजही वडजाईच्या देवळात आहे. वीज कडाडली की गुणगुणते, असं म्हणतात. आणि नागपंचमीच्या आधी कासारीण गावात आली, की कुणीच आधी मनगट पुढे करत नाही. तिला पाटावर बसवतात, तळव्यांना तूप लावतात, त्याच वाटीनं घासतात नि विचारतात, "झोप लागते का गं?"

ती खरं काय ते सांगते. मगच बांगड्यांची दुरडी उघडते.