धुराचे मालक

मिरजेत मालनताईंचा छोटा बार आहे. जागा मात्र फत्तेसिंगरावांची. ताईंचे यजमान विलासराव गल्ल्यावर बसतात आणि त्यांना दमा आहे, म्हणून ताई आत कुणालाच सिगारेट ओढू देत नाहीत. कायदाही तेच सांगतो.

एका दुपारी फत्तेसिंगराव येऊन बसले आणि त्यांनी पाकीट काढलं. जागेचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता.

"मालक, आत चालत नाही हो," ताई म्हणाल्या.

"माझ्याच जागेत मला बंदी? भिंती माझ्या, छप्पर माझं. जे माझं, त्यावर हक्क माझा!" त्यांनी सिगारेट पेटवली आणि ते कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे वळले. "काय कायद्याचे मास्तर, खरं की नाही?"

मी चाळीस वर्षं कायदा शिकवला, पण त्या क्षणी एक कलम धड आठवेना. आणि माझ्या बोलण्यानं ताईंची जागाच गेली तर? तिकडे विलासराव खोकू लागले. फत्तेसिंगरावांनी ऐटीत लांब झुरका घेतला.

ताईंनी हात जोडले. "पटलं, मालक. जागा तुमची, सिगारेट तुमची, म्हणजे धूरही तुमचाच. दुसऱ्याची वस्तू आम्ही ठेवून घेत नाही. तुम्ही खुशाल ओढा, फक्त सोडू नका!"

फत्तेसिंगरावांचे गाल फुगलेलेच राहिले. डोळ्यांत पाणी आलं. सगळा बार त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. शेवटी ते उठून रस्त्यावर धावले आणि खोकता खोकता हसत सुटले.

"मालनताई, करार उद्याच करू," ते बाहेरूनच ओरडले. "पण हे कलम त्यात घालू नका!"

त्यांनी बाहेर धूर सोडला होता आणि आम्ही आत सुटकेचा निःश्वास.