झिजलेली वजरी

"कुणाला पटतच नाही, माई! देवाशप्पथ सांगते, रोज घासते मी हिची मान. तरी अख्खी गल्ली म्हणते, द्वारकाची पोरगी पारोशी. आता तुम्हीच सांगा, करणी कुणाची? नुसतं नाव सांगा, पुढचं मी बघते."

टेकडीवरच्या मठाची सगुणामाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

द्वारका फतकल मारून बसली. तिची लेक प्रणाली उभीच राहिली. सतरा वर्षांची, अंगानं आईच्या दुप्पट. भर उन्हाळ्यात गळ्याला ओढणी आवळून खांबाआड मावायची धडपड करत होती.

द्वारकाचा तोरा गावभर ठाऊक. तिच्या लख्ख घासलेल्या पितळी डब्यात बघून शेजारणी कुंकू लावत. असल्या बाईच्या घरात काळी मान?

"घासतेस कशानं?"

द्वारकानं पिशवीतून वजरी काढून ठेवली. भाजक्या मातीची, टाचा घासायची. मधोमध झिजून खळगा पडलेला.

"बघा! दिवाळीला नवी घेतली होती. आळस नाही माझ्या अंगात."

माईनं पोरीकडं पाहिलं. "तुला काय वाटतं गं?"

"तिला काय विचारता? कॉलेज सोडलं, कोपऱ्यात तोंड खुपसून बसते. चारचौघांत घास गिळत नाही, रात्री डबे उपसते. बोलून बघितलं, उपाशी ठेवून बघितलं..."

"तुला नाही विचारलं."

"मळ नाहीये तो," प्रणाली फरशीकडं बघत म्हणाली. "दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, आतलं बिघडलंय. रक्तात साखर चढायला लागलीये, त्याची खूण आहे. उपचार केले तर सावरेल म्हणाल्या. परत बोलावलंय."

"मग गेली का नाहीस?"

"ही सोललेली मान कुणाला दाखवू? मागच्या खेपेला नर्सबाईंनी विचारलं, कुणी केलं गं हे?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, पडले."

"बघा, कशी खोटारडी!" द्वारका उसळली. "म्हणे मळ नाही! काळं ते काळंच. घासलं की निघालंच पाहिजे. माझ्या हातून आजवर एक डाग सुटला नाही."

माई उठली. तांब्यातलं पाणी वजरीवर ओतलं. द्वारकाचा हात धरला, बांगड्या वर सारल्या आणि मनगटावरच्या काळ्या-हिरव्या गोंदणावर वजरी फिरवली.

ते गोंदण म्हणजे द्वारकाचा जीव की प्राण. चौथीत असताना जत्रेत स्वतःचं नाव गोंदवून घेतलेलं. अक्षरं तिनंच मातीत काढून दाखवली होती, गोंदणारीला लिहिता येत नव्हतं.

माईनं आणखी जोर लावला.

"आई गं! माई, लागतंय! गोंदण आहे ते. कातडीच्या आतलं... कसं निघेल?"

"काळं ते काळंच ना?"

"अहो, आतलं आहे!"

माई घासतच राहिली.

प्रणाली खांबाआडून धावत आली. तिनं माईचं मनगट पकडलं. ओढणी खाली पडली, तिला भानही नव्हतं.

"सोडा! माझी आई आहे ती."

माईनं वजरी खाली ठेवली.

द्वारकानं लेकीची मान उजेडात पाहिली... मग स्वतःचा हात पाहिला. दोन्हीकडं सारखंच लाल.

द्वारकानं ओढणी उचलली. झटकली. गळ्याभोवती गुंडाळायला गेली आणि थांबली. घडी करून पिशवीत टाकली.

"उद्या मी नेते दवाखान्यात," ती ताठ्यातच म्हणाली. पण आवाज खाली आला होता. "नर्सबाईनं परत विचारलं, कुणी केलं... तर काय सांगू?"

माईनं पदरानं तिचा ओला हात टिपला. गोंदणावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं,

"द्वा... र... का."